गुळाचं ताट

मथुराबाईनं अंगणात घोंगडं अंथरलं, शेवंताच्या हातात पुस्तक दिलं. म्हणाली, "मोठ्यानं वाच. भिंतीपलीकडं तुझ्या कडूबाई काकूला बी ऐकू जाऊ दे."

पुस्तक पुण्याच्या बाईंनी लिहिलेलं. बहात्तरच्या दुष्काळात त्या भूमजवळच्या ह्या गावात आठ महिने राहिल्या होत्या. माणसं कशी जगतात, पोरं कशी वाढवतात, भांडणं कशी मिटवतात, सगळं वहीत टिपायच्या. मथुराबाई दुष्काळी कामावर खडी फोडून आली की तिच्याच चुलीपुढं बसून रेशनच्या मिलो ज्वारीची भाकर खायच्या. आज बारा वर्षांनी दूध सोसायटीच्या पत्त्यावर पुस्तक आलं. लई गुणाची बाई! विसरली नाही.

शेवंता नववीत. ठसक्यात वाचू लागली. गावाचं नाव दुसरंच टाकलेलं, पण आड, पार, भांडकुदळ श्रीपती, सगळं इथलंच. मायलेकी खदखदून हसल्या. मग भावकीच्या निवाड्याचं पान आलं.

"'दोघी जावा होत्या. थोरलीला मूलबाळ नव्हतं. धाकटीनं पोटातलं लेकरू तिला द्यायचा शब्द दिला आणि दिलंही. मुलगी दोन वर्षांची झाल्यावर मात्र तिनं ती परत मागितली.'"

मथुराबाईचं हसू थांबलं. "ते ऱ्हाऊ दे. म्होरलं पान काढ."

"थांब की गं, आत्ता तर रंगात आलंय. 'पंचांनी मुलीला मधे सोडलं. ती दुडूदुडू धाकटीकडे गेली. पण दिलेला शब्द मोठा, म्हणून पंचांनी तिला उचलून थोरलीच्या मांडीवर ठेवलं. मग सगळ्यांनी एका ताटातला गूळ खाल्ला. गूळ खाल्ला की ती गोष्ट पुन्हा कुणी काढायची नाही. त्या मुलीजवळ तर नाहीच. त्यांनी मलाही आपली मानून गूळ दिला.'"

मथुराबाईच्या अंगाची लाही लाही झाली. आपली म्हणून ताट पुढं केलं, बाई, आणि तू हे केलंस? श्रीपतीसारखा माणूस दारू पिऊन गावभर बरळायचा, पण हे त्याच्यासुद्धा तोंडातून कधी निघालं नव्हतं.

"मीट म्हणते न्हवं ते पुस्तक!"

शेवंतानं मिटलं नाही. आवाज तेवढा बारीक झाला. "'मुलीच्या डाव्या दंडावर बिब्ब्याचा चट्टा होता.'"

तिनं पोलक्याची बाही वर सारली. चट्ट्याकडं बघितलं, मग आईकडं.

"समद्या गावाला ठावं हुतं? म्या सोडून?"

"तळहातावरच्या फोडावाणी जपलं गं तुला," मथुराबाई म्हणाली.

तेवढ्यात कडूबाई दारात आली. हाताला कालवलेलं पीठ तसंच होतं. भिंतीपलीकडं तिनं सगळं ऐकलं होतं. शेवंता उठून तिच्यापुढं उभी राहिली.

"काकू, नावं तेवढी बदलल्यात. बाकीचं खरं हाय का?"

कडूबाईचे डोळे भरून आले. तिनं पोरीच्या दंडाकडं बघितलं, मग जावेकडं बघितलं.

"म्या गूळ खाल्लाय, बाळा."