पाटी कुणाच्या दारावर

"हीच ती खिडकी," टेलरबाई म्हणाल्या आणि मशीनवरचं कापड बाजूला सारून त्यांनी खिडकी सताड उघडली. "इथं बसून काकांनी अख्खं नाटक लिहिलं. आणि भिंतीपलीकडे आमच्या सासूबाई."

नाटककारांच्या पत्नीने खिडकी पाहिली, भिंत पाहिली. ऐंशी ओलांडलेली बाई, पण पाठ ताठ. या गावात त्या पहिल्यांदाच येत होत्या. नाटककार इथे भाड्याने राहिले तेव्हा दोघांचं लग्न नुकतंच झालेलं. त्या दूरच्या एका शाळेत शिकवायच्या, आणि सुट्टी मिळाली की नाटककारच तिकडे पळायचे.

"बरं," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी सांगते." आणि जिना उतरून गेल्या.

टेलरबाई खुर्चीत टेकतात न टेकतात तोच दार पुन्हा उघडलं.

"छत्री राहिली." काकूंनी छत्री उचलली, कोपऱ्यात खोकणाऱ्या टेलरकडे पाहिलं. "खोकला अंगावर काढू नका हो," म्हणाल्या आणि गेल्या.

"मायाळू आहे बाई," टेलर म्हणाला.

"आपल्या बाजूने झुकल्यात," टेलरबाई म्हणाल्या. त्यांना प्रत्येक गोष्ट जमेच्याच बाजूला मांडायची सवय होती.

प्रश्न पाटीचा होता. नाटककारांच्या नावाने महोत्सव भरला होता आणि समितीने ठरवलं होतं, की त्यांचं सर्वांत गाजलेलं पात्र, चौकशीबाई, जिच्यावरून बेतलं, तिच्या दारावर पितळी पाटी लावायची. निवाडा पत्नीने करायचा. दावेदार दोन. एक टेलरबाईंच्या सासूबाई, दुसरी समोरच्या बेकरीवाल्याची आत्या. दोघीही आता हयात नव्हत्या, त्यामुळे नाही म्हणायला कुणी उरलं नव्हतं.

गंमत म्हणजे, नाटक पहिल्यांदा लागलं तेव्हा गावाने या दोघींकडेच बोट दाखवलं होतं, आणि दोघींचंही पित्त खवळलं होतं. सासूबाईंनी भाडेकरूची ट्रंक जिन्यावरून खाली लोटली होती. आत्याने त्याला पाव विकणं बंद केलं होतं. पण पुढे नाटक परभाषांत गेलं, कॉलेजात शिकवलं जाऊ लागलं, आणि अपमानाचं असं असतं, की तो पुरेसा जुना झाला की मान म्हणून वठतो. आता दोन्ही घरं त्याच्यावर हक्क सांगत होती.

चौकशीबाई म्हणजे काय हे त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ती परक्याच्या घरात शिरते, नको त्या गोष्टीत लक्ष घालते आणि एकदाची जाते. घरधनी सुटकेचा श्वास टाकून कप तोंडाला लावतो. एवढ्यात दार किलकिलं होतं, नुसती मान आत येते. "आणि हो..." असं अंकात तीनदा. तिसऱ्यांदा दार हललं, की ती दिसायच्या आतच प्रेक्षक उभे राहून टाळ्या पिटतात.

"सासूबाई थेट अश्शाच," महोत्सवाला निघताना टेलरबाई म्हणाल्या. "गेल्या म्हणता म्हणता परत हजर."

"आई?" टेलर शर्टाचं बटण लावता लावता थांबला. "आई एकदा गेली की गेली. उलट तिला बोलवायला मलाच धावावं लागायचं."

"तुम्ही तेवढे स्टेजवर तोंड उघडू नका."

सभागृह खच्चून भरलं होतं. आधी तो प्रसिद्ध अंक झाला. तिन्ही वेळा हशा, तिसऱ्या वेळी सगळे उभे. मग पत्नी माइकसमोर आल्या. पहिल्या रांगेत टेलरबाईंनी पदर नीट केला. पलीकडे बेकरीवाल्याने घसा खाकरला, जणू भाषण त्यालाच करायचं होतं.

"मी हे नाटक पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा यांच्यावर फार चिडले होते," काकू म्हणाल्या. "म्हटलं, शेजारच्या बाईला असं चारचौघांत उघडं पाडतात? ती गरीब बिचारी काळजीपोटी विचारत असेल. कितीतरी दिवस मी बोलले नाही. हे नुसते हसत होते. म्हणाले, जाऊ दे, तुला नाही कळायचं." त्या थांबल्या. "तर जिच्या भिंतीला भिंत लागून हे राहत होते, तीच ती. पाटी टेलरांच्या दारावर लावावी."

टेलरबाई पाटी घेऊन खाली आल्या, तेव्हा त्यांची मान अशी वर होती, की पायरी नवऱ्याला दाखवावी लागली. बेकरीवाल्याशेजारून जाताना त्यांनी पाटी मुद्दाम त्याच्या बाजूने धरली.

"अभिनंदन, वहिनी," बेकरीवाला म्हणाला. "पुसत जा रोज. पितळ काळं पडतं."

"तुम्ही याल की बघायला."

काकू सर्वांना नमस्कार करून मखमली पडद्याआड गेल्या. सूत्रसंचालकाने माइक हातात घेतला. "यानंतर आपण..."

पडद्याची फट उघडली. नुसती मान बाहेर आली.

"पाटी उन्हात लावू नका. अक्षरं उडतात."

लोक कौतुकाने हसले. मान आत गेली. सूत्रसंचालकाने पाण्याचा पेला तोंडाला लावला.

"आणि हो," पडद्यातून आवाज आला, "तिसऱ्या रांगेतल्या त्या गृहस्थांना कुणीतरी जागं करा. मान अवघडेल त्यांची."

या वेळी कुणी हसलं नाही. मान आत गेली, तरी कुणाची नजर पडद्यावरून हलेना.

टेलरबाईंना दुपारची छत्री आठवली. त्यांनी मांडीवरची पाटी हळूच उलटी केली.

पडदा तिसऱ्यांदा हलला, आणि सर्वांत आधी उभा राहून टाळ्या पिटू लागला तो बेकरीवाला.