दिवसाला पाचशे

सहाव्या गुरुवारीही काट्याने चौऱ्याण्णवच दाखवले.

ग्रंथपाल काट्यावरून उतरला, पुन्हा चढला. चौऱ्याण्णव. आहारतज्ज्ञ बाईंनी त्याला बाजूला व्हायला सांगितलं आणि कपाटातून वीस किलोचं वजन काढून काट्यावर ठेवलं. काट्याने बरोबर वीस दाखवले.

"म्हणजे खोट माझ्यातच आहे," ग्रंथपाल म्हणाला. त्याची बायको मांडीवर पर्स धरून खुर्चीत बसली होती.

गणित अवघड नव्हतं. वय, उंची, वजन आणि दिवसभराची हालचाल धरली तर त्याच्या शरीराला रोज तेवीसशे कॅलरी लागत होत्या. बाईंनी त्यातून पाचशे कमी केल्या. आठवड्याला जेमतेम अर्धा किलो, त्याहून घाई नाही. त्याला नुसतं बारीक व्हायचं नव्हतं, थोरल्या बहिणीला मूत्रपिंड द्यायचं होतं. वजन पंच्याऐंशीवर आल्याशिवाय सर्जन त्याला हात लावणार नव्हते. बहीण आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जात होती आणि दर महिन्याला थोडी आणखी थकत होती. आतापर्यंत अडीच किलो तरी उतरायला हवे होते.

बाईंनी वही उघडली. वीस वर्षांत त्यांनी अशा पुष्कळ वह्या पाहिल्या होत्या. वही जितकी सुबक, तितका त्यांना संशय जास्त. ही फार सुबक होती. दूध दोनशे पन्नास ग्रॅम, सूप तीनशे, भाजी एकशे ऐंशी. सगळं कपाटातल्या पुस्तकांसारखं ओळीत लावलेलं.

"वाचनालयात काही खाणं होतं?"

"तिथे पुस्तकं आहेत, मॅडम. ती वाळवी खाते."

कुणी हसलं नाही. बाईंनी थायरॉइडचा अहवाल पुन्हा पाहिला. ठीक होता. चालणंही रोजचं होतं. त्यांनी त्याला रक्तदाब मोजायला शेजारच्या खोलीत पाठवलं आणि सहा गुरुवारांचा आलेख समोर ओढला. चौऱ्याण्णव, शंभर ग्रॅम वर, शंभर ग्रॅम खाली, पुन्हा चौऱ्याण्णव. रेघ फूटपट्टीने मारल्यासारखी सपाट.

त्या रेघेकडे पाहता पाहता बाईंचं बोट थांबलं. चोरून खाणाऱ्या माणसाचा आलेख असा नसतो. तो एक दिवस सुटतो, दोन दिवस पस्तावतो. त्याची रेघ वरखाली होते. इथे कमी केलेलं सगळं कुणीतरी रोज भरून काढत होतं. रविवारीही. आणि मोजून.

पाचशेचा आकडा तिघांनाच माहीत होता: त्या स्वतः, ग्रंथपाल आणि त्याची बायको.

"घरी स्वयंपाक कोण करतं?" बाईंनी विचारलं.

"मीच." बायकोने पर्सची चेन ओढली. ती आधीच बंद होती.

"दूध कुठलं आणता?"

"साय काढलेलं. तुम्ही सांगितलं होतं ते."

"मग त्यात काय घालता?"

शेजारच्या खोलीत रक्तदाबाच्या यंत्राची हवा सुटल्याचा आवाज आला.

"दूध सायीचंच असतं," ती हळूच म्हणाली. "सूपमध्ये बदामाची पूड, चाळीस ग्रॅम. भाजीत मोठा चमचाभर तेल जास्त." मग मान वर करून म्हणाली, "मोजून घालते मी. एक दिवस चुकले नाही. मोजायला तुम्हीच शिकवलंत."

बाईंनी मनात बेरीज केली. दीडशे, दोनशे चाळीस, एकशे वीस. पाचशे दहा.

"तुमच्या नणंदेची अवस्था ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"वन्संनी माझी दोन्ही बाळंतपणं काढलीत, मॅडम. त्यांना नाही म्हणायला मला तोंड आहे का? आणि यांच्या पोटावर सुरी चालणार, ते बघायची छातीही नाही. काटा नाही म्हणाला, तर कुणावर बोल येत नाही."

दार उघडलं. ग्रंथपाल बाहीचं बटण लावत आत आला. "रक्तदाब झकास आहे म्हणे. काय, सापडला का चोर?"

बायको खाली बघत होती. बाईंना आता एकच गोष्ट तपासायची होती.

"हल्ली घरच्या जेवणाची चव बदललीय का हो?"

बटण काजात जाईना. त्याने दुसऱ्यांदा प्रयत्न केला.

"सूप जरा दाट झालंय," तो म्हणाला.

बायकोने झटकन वर पाहिलं.

"कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून."

"मग वहीत कसं नाही?"

त्याने बायकोकडे पाहिलं, बायकोने त्याच्याकडे. त्या पाहण्यात राग नव्हता. बाईंना तेच जास्त खटकलं.

त्याच्या खिशात फोन वाजला. बहिणीचा. तो थोडा वेळ वाजू देऊन त्याने उचलला.

"हं, ताई... हो, आत्ताच केलं... नाही गं. तेवढंच आहे."

खोली लहान होती. पलीकडचा दमलेला आवाज तिघांनाही स्पष्ट ऐकू आला.

"असू दे रे. होईल सावकाश. आणि हे बघ, माझ्यापायी उपाशीबिपाशी राहू नकोस. नीट जेवतोस ना?"