जांभळा ताव

दिवाळीपासून अबोला धरलेल्या जावा स्टेशनरीच्या दुकानात समोरासमोर आल्या त्या शेवटच्या जांभळ्या तावाची दोन टोकं धरूनच.

"मी आधी धरला," धाकटी हेमांगी म्हणाली.

"कार्डं करायला तुला शिकवलं कोणी?" थोरल्या सुलभावहिनी टोक सोडेनात.

"फाटला तर कुणालाच मिळायचा नाही," दुकानदार म्हणाला.

हेमांगी ओशाळली. "घ्या वहिनी. तुमच्याच वाढदिवसाचं कार्ड करणार होते. त्या निमित्तानं बोलणं तरी सुरू झालं असतं."

वहिनी तावाची गुंडाळी करत म्हणाल्या, "तुला जांभळा आवडतो म्हणून मीही तुझ्यासाठीच घेत होते. माझ्यासाठी पिवळा घे. आणि टिकल्या कमी लाव, तुझी कार्डं भडक होतात."

"बरं," म्हणत हेमांगीनं टिकल्यांची दोन पाकिटं उचलली.