नदानूची हाक

झुडपांतून नदानूची हाक आली, "ये रे सोन्या, दूध पी." नदानू जाऊन चार महिने झाले होते. हा आवाज तिची हुबेहूब नक्कल करणाऱ्या, चोरट्या शिकाऱ्यांच्या यंत्राचा होता. तिनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेला गेंडा तिकडे चालू लागला.

तिचा नवरा, वनरक्षक मुटिसो, यानं बंदूक उचलली.

"हवेत बार काढलास तर घाबरून आईच्या हाकेकडेच पळेल तो," जोडीदार किप्रोनो म्हणाला. "आपला ड्रोन त्या झुडपांवर आहे. त्यातही वहिनींचा नकली आवाज आहे, हवं ते काढतो. किंचाळायला लाव."

"मरतानाही ओरडली नाही रे ती."

"मग गेंडा गेलाच म्हणून समज."

मुटिसोनं ड्रोनचं बटण दाबलं. नदानू किंचाळली. गेंडा थबकला, वळला आणि उधळला. तो दिसेनासा होईपर्यंत मुटिसोनं बटणावरचं बोट काढलं नाही.