निळघंट आणि वनघंट

"हीसुद्धा चूक," बाई म्हणाल्या आणि हातातल्या कागदावर लाल फुली मारली. "खुंट क्रमांक अकरा. वहीत तुम्ही लिहिलंय वनघंट. ही साधी निळघंट आहे."

वनरक्षकाने मान हलवली. "असेल, मॅडम."

"असेल नाही. आहे!"

बाई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. रोपावर चुकीच्या नावाची चिठ्ठी दिसली की त्यांना अन्न गोड लागत नसे. एका वर्षी याच पायी त्यांनी सख्ख्या भाच्याला नापास केलं होतं आणि बहीण अजून त्यांचा फोन उचलत नव्हती. अशा माणसालाच तपासणीला बोलवावं, असं वनखात्याने ठरवलं, त्यात नवल नाही. खात्याकडे निनावी तक्रार आली होती: या रक्षकाला फुलं ओळखता येत नाहीत, त्याच्या वहीवर विसंबून माणूस फसतो. तक्रार खरी निघाली तर रक्षकाची बदली शहरातल्या गोदामाच्या दारावर होणार होती. अठ्ठावीस वर्षं या जंगलात काढलेली, निवृत्तीला तीन उरलेली. गोदामाला एक खिडकीसुद्धा नव्हती म्हणे.

तशा निळघंट आणि वनघंट सख्ख्या बहिणीच. दोघी कंदातून उगवणाऱ्या, दोघी गुडघ्याएवढ्या, दोघींना झाडांच्या सावलीत निळ्या घंटांचे घोस. ओळखायची खूण एकच, पान उलटून बघायचं. निळघंटेचं पान खालूनही गुळगुळीत. वनघंटेच्या पानाला खालून मऊ लव. निळघंट जंगलभर माजलेली. वनघंट मात्र नावाला उरलेली, आणि चोरबाजारात तिच्या कंदांना भलती मागणी.

म्हणून दर वसंतात रक्षकाने जागोजागी खुंट ठोकायचे, कुठे कोणतं फूल आहे ते वहीत लिहायचं आणि वहीची नक्कल जंगलाच्या फाटकावर लावायची, असा नियम होता. येणाऱ्याजाणाऱ्याने वाचावं आणि दुर्मीळ फुलावर पाय देऊ नये, हा त्यामागचा भाबडा हेतू.

"हे खड्डे कसले?" बाईंनी विचारलं. अकराव्या खुंटाभोवतीचा सगळा उतार उकरलेला होता.

"चोरांनी खणलं, मॅडम. मागच्या वर्षी. पोती भरभरून नेलं."

"निळघंटेचे कंद?" बाईंना हसू आवरेना. "कोण हे दीडशहाणे!"

"तेच म्हणतो मी," रक्षक म्हणाला.

पुढचा उतार वहीप्रमाणे साध्या निळघंटेचा होता. रक्षक तिथे दगडादगडावर पाय ठेवत, अंग चोरून चालला. बाईंनी पान उलटलं. लव! आणखी एक फुली. पुढे एक कुंपण धरताना त्यांच्या तळव्यात बारीक कुसळ शिरलं. रक्षकाने चष्मा कपाळावर सरकवला आणि पिनेच्या टोकाने ते अलगद काढलं. बाईंना ते दिसलंही नव्हतं.

दुपारी रक्षकाच्या घरी चहा झाला. त्याची बायको कपबशी ठेवताना हळूच म्हणाली, "मॅडम, यांची दृष्टी अधू झालीय हो. पण माणूस मनाचा साफ आहे. तेवढं गोदामात नका पाठवू. चार भिंतींत हा माणूस सहा महिने नाही टिकायचा."

बाईंना वाईट वाटलं. पण फुली ती फुली. तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटचा खुंट तपासून त्यांनी बेरीज केली आणि त्यांचा पारा चढला.

"चाळीस नोंदी. चाळीसही चूक!" त्यांनी कागद रक्षकापुढे नाचवला. "अहो, डोळे मिटून लिहिलं असतंत तरी निम्म्या बरोबर आल्या असत्या! एकसुद्धा बरोबर नाही? एकसुद्धा?"

रक्षकाने वही मिटून काखेत मारली.

बाई आणखी बोलणार होत्या. पण तोंड उघडलं ते तसंच राहिलं. त्यांनी कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. मग खिशातून तक्रारीची प्रत काढली. तक्रारदाराने तीन खुंटांचे क्रमांक दिले होते. तिन्ही ठिकाणी त्यांनी खड्डे पाहिले होते.

"चला," त्या एवढंच म्हणाल्या.

परतताना त्या ओढ्यापाशी पाय धुवायला वाकल्या आणि त्यांना पलीकडचा काठ दिसला. मोठ्या झाडांखाली सगळं निळं झालं होतं. दोनशे तरी घोस असतील. तिथे खुंट नव्हता. बाई ओढा ओलांडून गेल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि एक पान उलटून गालाला लावलं. लव इतकी मऊ होती की त्यांना पटकन हात काढवेना. कपाटात जपलेली वाळकी रोपं धरूनही एवढी वनघंट त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते लपवायचं त्यांच्या लक्षातही राहिलं नाही.

रक्षक मागे येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा उतरला होता.

"नवी जागा जो शोधेल, त्यानेच त्याच दिवशी वहीत लिहायची, मॅडम," तो म्हणाला. "नियम आहे." त्याने वही पुढे केली. "उद्या सकाळी नक्कल फाटकावर लागेल."

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. एकदा त्या निळ्या घोसांकडे पाहिलं.

मग वर्गातल्या फळ्यावर लिहीत तशा गोल, स्वच्छ अक्षरात त्यांनी लिहिलं: "खुंट एक्केचाळीस. साधी निळघंट." आणि तपासणीच्या कागदावर: "एकूण नोंदी एक्केचाळीस. सर्व बरोबर."