हिला कानच नाही

आजीचा लेक गाण्याचा मास्तर. आपल्या सात वर्षांच्या पोरीला ऊठसूट म्हणायचा, "बेसूर कुठली! हिला कानच नाही."

"अरे दीडशहाण्या, उजवीकडून हाक मारली की पोर वळत नाही. डॉक्टरला दाखव."

"आई, तुला गाण्यातलं काय कळतं?"

शेवटी आजीनेच तिला नेलं. कानाच्या पडद्यामागे जन्मापासूनची पांढरी गाठ निघाली. ऐकण्याचं एक हाडही त्या गाठीने खाल्लेलं. डॉक्टरांनी गाठ काढली, नवं हाड बसवलं. म्हणाले, "ऐकू येतं का, ते पट्टी सुटल्यावरच कळेल."

पट्टी सुटली. आजीच्या जिवात जीव नव्हता. मास्तरांनी मात्र उजव्या कानाशी वाकून ऐटीत सूर लावला.

पोरीने नाक मुरडलं.



"आजी, बाबाच बेसूर गातात गं!"