वास धरणारी पिशवी

हेमलतानं मसाल्याच्या दोन्ही पिशव्या पुन्हा नाकाशी धरल्या. एक कागदी, दुसरी आतून चंदेरी. पिशव्यांच्या दुकानदारानं सांगितलं होतं, "मसाला भरून पंधरा दिवस ठेवा, मग फोडून बघा. जिच्यात वास टिकेल तीच घ्या." आज पंधरा दिवस झाले होते आणि पाचशे पिशव्यांची ऑर्डर द्यायची होती.

तिला कुठलाच वास येत नव्हता. श्रावणातल्या तापात नाक जे गेलं, ते परत आलंच नाही. वीस वर्षं जिच्या कांदा-लसूण मसाल्यावर घर चाललं, तिनं हे कुणाला अन् कसं सांगायचं? अंदाजानं तिनं कागदी पिशवी पुढे सरकवली. "हीच बरी."

धाकट्या जावेनं, मंदानं, दोन्ही हुंगून पाहिल्या. "अक्का, चंदेरी घ्या. कागदीतला वास पार उडालाय."

"मला वास येत नाही गं, मंदा." हेमलताला स्वतःचा आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटला.

"ठाऊक आहे. दिवाळीत खोबरं करपत होतं अन् तुम्ही पाठ करून लसूण सोलत होतात. ते टाकून मी गुपचूप दुसरं भाजलं. तेव्हापासून तुमच्या भाजणीच्या वेळी निवडण घेऊन उंबऱ्यावर बसते, ते उगाच का?"

आता आपल्याला रडू यायला हवं, असं हेमलताला वाटलं. ते आलं नाही. तिनं फोन उचलून दुकानदाराला चंदेरी पाचशे सांगितल्या. मग आत जाऊन शेगडीपाशी आपल्या पाटाला लागून दुसरा पाट मांडला.